खाडीकडचा पाऊस, डोंगराकडचा पाऊस

बोरीवलीच्या पश्चिमेला गोराईची खाडी आहे आणि पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. मधल्या जेमतेम चार-पाच किलोमीटरांच्या पट्टीत स्टेशन, हमरस्ता, इमारती आणि लाखो माणसं दाटीवाटीने बसलेली आहेत. पावसाचा स्वभाव बघायचा तर मुंबईत याहून सोयीची जागा नाही, कारण इथे पाऊस दोन बाजूंनी येतो. पावसाळ्याच्या सुरुवातीचा पाऊस खाडीवरून येतो आणि शेवटाचा उद्यानातल्या कान्हेरीच्या माथ्यावरून उतरतो. दोन्ही मोसमी पाऊसच, पर्जन्यमापकात दोघांचं पाणी सारखंच दिसतं. पण येण्याची वेळ, वारा, आवाज, थेंबाचा आकार, इतकंच काय, ढगाच्या आत काय चाललंय हेही दोघांचं वेगळं.

हवामान खात्याच्या दप्तरी मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे आणि परतण्याची ८ ऑक्टोबर. पंचांगाच्या हिशेबाने हेच मृग ते हस्त. सांताक्रूझ वेधशाळेच्या सरासरीकडे पाहिलं तर जूनमध्ये साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, जुलैमध्ये नऊशेच्या आसपास, ऑगस्टमध्ये पुन्हा साडेपाचशेच्या वर आणि सप्टेंबरमध्ये साडेतीनशेच्या आगेमागे. आकड्यांवरून वाटेल की सप्टेंबर म्हणजे जूनचीच थोडी बारीक झालेली आवृत्ती. तसं मुळीच नाही.

आधी जून. खरं तर मेअखेरीपासूनच सुरुवात करायला हवी, कारण मोसमी पावसाच्या आधी एक-दोन संध्याकाळी गडगडाट होतो. तो वळवाचा पाऊस. ढग ठाणे-कल्याणकडून येतात, वीज जाते, मातीचा वास येतो, अर्ध्या तासात सगळं आटोपतं आणि उकाडा आणखी वाढतो. हा पाऊस समुद्राचा नव्हेच. जमीन तापली, खालची हवा वर उसळली, तिच्यातलं बाष्प थिजलं, एवढाच त्याचा जन्म. समुद्राचा पाऊस येतो तेव्हा पहिली गोष्ट जाणवते ती ही, की गडगडाट बंद होतो.

हे जरा उलटं वाटेल. वर्षातला सगळ्यात मोठा पाऊस सुरू होतो आणि आभाळ गप्प होतं! पण त्यामागचं गणित सरळ आहे. मे महिन्यात अरबी समुद्राचं पृष्ठभागाचं तापमान ३० अंशांच्या आसपास पोचलेलं असतं. दक्षिण गोलार्धातून निघालेला वाऱ्याचा प्रवाह आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतो, सोमालियापाशी वळण घेतो आणि समुद्रावरून सरळ आपल्याकडे येतो. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर त्याचा गाभा असतो. या प्रवाहाचं नीट वर्णन १९६९ मध्ये फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने केलं, म्हणून त्याला फिंडलेटर जेट असंही म्हणतात. हजारो किलोमीटर पाण्यावरून आल्यामुळे ही हवा बाष्पाने ओथंबलेली असते आणि तिच्या वेगामुळे किनाऱ्यावरची हवा सतत बदलत राहते. आभाळ झाकलेलं, ऊन नाही, जमीन तापत नाही. म्हणजे हवेला खालून उसळी मारायला लावणारी भट्टीच विझलेली. मग ढग उंच जाण्याऐवजी आडवे पसरतात. बहुतेक ढगांचे माथे पाच-सहा किलोमीटरांच्या आतच राहतात.

ही पाच-सहा किलोमीटरांची रेष महत्त्वाची. पावसाळ्यात मुंबईवर शून्य अंशाची पातळी साधारण साडेपाच किलोमीटरांवर असते. ढग तिच्या खालीच राहिला तर त्यात फक्त पाणी असतं, बर्फ नाही. बारीक थेंब एकमेकांवर आपटतात, एकमेकांत मिसळतात, जड होतात आणि खाली येतात. याला उष्ण ढगांचा पाऊस म्हणतात. त्याचे थेंब सहसा लहान, मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे, पण असंख्य. एक मिलिमीटरचा थेंब सेकंदाला चार मीटर या वेगाने पडतो, आणि जूनमधला वारा त्याहून कितीतरी जोरात वाहत असतो. त्यामुळे हा पाऊस वरून पडतो असं म्हणण्यापेक्षा बाजूने लागतो असं म्हणणं जास्त बरोबर. बोरीवली पश्चिमेला आयसी कॉलनीपासून गोराईपर्यंत ज्यांच्या खिडक्या खाडीकडे आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. मे संपता संपता त्या बाजूला निळी ताडपत्री लागते, गॅलरीतल्या कुंड्या आत येतात आणि पश्चिमेच्या भिंतीला सप्टेंबरपर्यंत ओल धरते. त्याच इमारतीची पूर्वेकडची भिंत बहुधा कोरडी असते.

या पावसाला वेळेचंही एक वळण आहे. तो दिवसभर पडू शकतो, पण त्याचा जोर पुष्कळदा रात्री उशिरा आणि पहाटे दिसतो. रात्री जमीन निवते, समुद्र तसाच कोमट राहतो, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या पाण्यावर ढग गोळा होतात आणि वारा त्यांना आत ढकलतो. सकाळी सातच्या चर्चगेट लोकलसाठी निघालेला माणूस जूनमध्ये भिजतो तो याच पावसात. भरीस भर म्हणजे दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर असा कमी दाबाचा पट्टा अधूनमधून तयार होतो. तो बळावला की दोन-तीन दिवस झड लागते.

आणखी एक प्रकार याच काळात घडतो आणि त्याचा शोध आपल्याच शहराशी जोडलेला आहे. १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, तेव्हा तिचं हवामान केंद्र मुंबईत कुलाब्याला होतं. १९६३ च्या जूनअखेरीस आणि जुलैच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी विमानं नेऊन मुंबईजवळच्या समुद्रावरची हवा मोजली. तेव्हा त्यांना एक चक्रावर्त सापडलं, जे जमिनीपाशी जवळजवळ दिसतच नाही, पण तीन ते सहा किलोमीटर उंचीवर चांगलं बळकट असतं. खालच्या नकाशावर काही नाही आणि पाऊस मात्र थांबत नाही, या जुन्या कोड्याचं एक उत्तर त्यातून मिळालं. कोकण आणि दक्षिण गुजरातच्या पावसाबद्दल बोलताना हे मध्यपातळीवरचं चक्रावर्त आजही पहिल्या काही कारणांत मोजलं जातं.

आता सप्टेंबर. गणपती उठले की हवेत एक बदल होतो. वारा पडतो. समुद्रावरचा तो जोरकस प्रवाह मंदावलेला असतो, आभाळाला भोकं पडतात, सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत कडक ऊन असतं. जमीन तापते. पण ही जमीन मे महिन्यासारखी कोरडी नाही. तीन महिने पाणी प्यालेली आहे. भाताची खाचरं भरलेली, शहापूर-मुरबाडचं जंगल हिरवं, सह्याद्रीच्या उतारांवर झरे वाहते. या सगळ्यातून दुपारभर वाफ उठते. म्हणजे भट्टी पेटलेली आणि बाष्पही हाताशी, अशा दोन्ही सोयी. मे महिन्यात पहिली होती, दुसरी अर्धवट. जुलैमध्ये दुसरी होती, पहिली नव्हती. सप्टेंबरमध्ये दोन्ही जुळतात.

दुपारी दोन-तीनच्या सुमारास कसारा-कर्जतच्या पट्ट्यात ढग उसळायला लागतात. त्यांचे माथे बारा, कधी पंधरा किलोमीटरांपर्यंत चढतात. या काळात मधल्या आणि वरच्या थरातला वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत असतो, त्यामुळे ढगांची ही रांग घाटाकडून बदलापूर-कल्याण, तिथून ठाणे अशी समुद्राच्या दिशेने सरकते. येऊरचे डोंगर ओलांडले की पुढे राष्ट्रीय उद्यान, आणि त्याच्या पायथ्याशी बोरीवली. मुलुंड आणि बोरीवली यांच्यामध्ये हे शंभर चौरस किलोमीटरांचं जंगल आडवं पडलेलं आहे. त्यामुळे मुलुंडला कोसळायला लागलेला पाऊस बोरीवलीला यायला कधी अर्धा तास लागतो, कधी तो मधल्या डोंगरावरच रिता होतो. ठाण्याहून नातेवाइकांचा फोन येतो की इथे काळोख झालाय, आणि बोरीवलीत अजून स्वच्छ ऊन असतं.

स्वच्छ म्हटलं तरी अगदी तसं नाही. बारकाईने पाहिलं तर चारच्या सुमारास उन्हाची धार बोथट झालेली दिसते. वादळी ढगाचा माथा वर गेल्यावर आणखी चढू शकत नाही, तेव्हा तो ऐरणीसारखा सपाट पसरतो आणि वरचा पूर्वेकडचा वारा ती चादर पुढे ओढत आणतो. ढग अजून भिवंडीकडे असतो आणि त्याच्या माथ्याची पांढुरकी झिलई बोरीवलीवर आलेली असते. खाली, इमारतींच्या उंचीवर, अजून समुद्राकडून खारे वारेच वाहत असतात. गच्चीवर वाळत घातलेले कपडे पूर्वेकडे फडफडतात आणि वरचे ढग पश्चिमेकडे सरकतात. समोरासमोर दोन वेगळ्या दिशा. मग एकाएकी कपडे लटकून राहतात. दोन-चार मिनिटं काहीच हलत नाही. आणि पूर्वेकडून, जंगलाकडून, थंडगार झोत येतो.

हा झोत म्हणजे ढगातून खाली कोसळलेली जड हवा. वर पाऊस पडताना थेंबांची वाफ होते, बर्फ वितळतो, दोन्हींना उष्णता लागते आणि ती आसपासच्या हवेतून घेतली जाते. थंड झालेली ही हवा जड होऊन जमिनीवर आपटते आणि चोहोबाजूंना पसरते. तापमान काही मिनिटांत पाच-सहा अंशांनी उतरतं. समुद्राकडून येणारे खारे वारे आणि डोंगराकडून येणारा हा झोत जिथे समोरासमोर येतात तिथे मधली हवा वर ढकलली जाते आणि नवा ढग फुटतो. बोरीवली-दहिसरच्या पट्टीत ही गाठ पुष्कळदा पडते. म्हणूनच ठाण्याहून थकून येणारा ढग कधीकधी हमरस्त्यावर पोचता पोचता पुन्हा ताजा होतो.

वर बर्फाचा उल्लेख आला. मुंबईत बर्फ पडत नाही, हे जमिनीपुरतं खरं आहे. सप्टेंबरमधल्या एखाद्या संध्याकाळी बोरीवलीच्या डोक्यावर सात-आठ किलोमीटर उंचीवर काय चाललेलं असतं ते पाहिलं तर तिथे चक्क हिमवृष्टी सुरू असते. ढगाचा अर्ध्याहून जास्त भाग शून्य अंशाच्या पातळीच्या वर असतो. तिथे बर्फाचे बारीक स्फटिक असतात, गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवच राहिलेले पाण्याचे थेंब असतात, आणि हे थेंब स्फटिकांना चिकटून गोठल्यावर तयार झालेले मऊ गारांचे गोळे असतात. खाली येताना साडेपाच किलोमीटरांची रेष ओलांडली की सगळं वितळतं. एका मोठ्या हिमगोळ्याचा एक मोठा थेंब होतो, तीन-चार मिलिमीटरचा, कधी पाचाचा. असा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने आपटतो. म्हणून परतीच्या पावसाचे पहिले थेंब पत्र्यावर ठोठावल्यासारखे वाजतात, अंगाला लागतात आणि गारेगार असतात. त्यांच्यातलं बरंचसं पाणी थोड्या वेळापूर्वी बर्फ होतं.

वीजही याच बर्फाची देणगी. मऊ गारा आणि बारीक स्फटिक एकमेकांवर आदळतात तेव्हा विद्युतभाराची देवाणघेवाण होते. ढगाच्या ज्या भागात तापमान उणे दहा ते उणे वीस अंशांच्या दरम्यान असतं तिथे हे सगळ्यात जोरात चालतं. हलके स्फटिक वर जातात, जड गारा खाली राहतात, भार वेगळे होतात आणि मग ठिणगी पडते. आता जूनअखेरच्या शांततेचं कारण लक्षात यावं. ज्या ढगात बर्फच नाही किंवा नावापुरताच आहे, तो कितीही पाणी ओतू दे, गडगडणार कुठून?

महाराष्ट्रात या विषयावर काम करणारी मंडळी जवळच आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून ढगांमध्ये विमानं नेऊन थेंब, बर्फ आणि धूलिकण मोजण्याचा मोठा प्रकल्प चालवला. महाबळेश्वरला, जिथे पावसाळ्यात ढग दारातून आत येतात, तिथे २०१२ पासून या संस्थेची ढगांच्या भौतिकीची प्रयोगशाळा आहे. विजा कुठे पडतात ते टिपणारं संवेदकांचं जाळंही याच संस्थेचं, आणि मोबाइलवरचं ‘दामिनी’ हे विजेचा इशारा देणारं ॲप त्यावरच चालतं.

एवढं मांडून झाल्यावर निसर्ग आपल्या कप्प्यांत बसत नाही हेही सांगायला हवं. २६ जुलै २००५ हा दिवस जुलैचा, म्हणजे नियमाने शांत, आडव्या ढगांचा. प्रत्यक्षात त्या दिवशी दुपारी अडीचनंतर उत्तर मुंबईवर प्रचंड उंचीचे गडगडाटी ढग उभे राहिले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, विहार तलावापाशी हजाराहून जास्त आणि कुलाब्याला फक्त त्र्याहत्तरच्या आसपास. शहराचं एक टोक बुडालं आणि दुसऱ्या टोकाला छत्रीत भागलं. वेळ, विजा आणि पावसाचा तुटकपणा हे तिन्ही गुण परतीच्या पावसाचे, महिना मात्र जुलै. उलट बाजूलाही उदाहरणं आहेत. सप्टेंबर म्हणजे तासाभराचा खेळ, असं म्हणून चालत नाही. २३ सप्टेंबर १९८१ ला सांताक्रूझला ३१८ मिलिमीटर पाऊस झाला होता. १९ सप्टेंबर २०१७ च्या दुपारनंतर सुरू झालेला पाऊस दुसऱ्या दिवशी सकाळच्या नोंदीत ३०४ मिलिमीटर भरला. हवामान खातं चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर गेलेल्या पावसाला अत्यंत मुसळधार म्हणतं, आणि त्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा असतो. त्यामुळे संध्याकाळच्या पावसाची तारीख कागदावर नेहमी उद्याची पडते. जुने आकडे चाळणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेलं बरं, नाहीतर आठवणी आणि नोंदी यांचं भांडण लागतं.

२५ सप्टेंबर २०२४ ची संध्याकाळ अजून पुष्कळांना आठवत असेल. पूर्व उपनगरांतल्या काही केंद्रांवर काही तासांत अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, लोकल रखडल्या. ढग डोंगराच्या पूर्वेकडून येतात म्हटल्यावर भांडुप-मुलुंडला आधी आणि जास्त भोगावं लागणं हे काही आश्चर्य नाही.

आता जमिनीवर येऊ. आभाळातून पडलेल्या शंभर मिलिमीटर पावसाचं पुढे काय होतं तेही जूनमध्ये वेगळं आणि सप्टेंबरमध्ये वेगळं. राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र १०३ चौरस किलोमीटर धरलं तर त्यावर शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे १,०३० कोटी लिटर पाणी. मुंबईला रोज साधारण ३९० कोटी लिटर पाणी पुरवलं जातं, तेव्हा अडीच दिवसांची बेगमी झाली. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात हे पाणी कुठे जातं? जंगलातली जमीन भेगाळलेली असते, वर सागाच्या पानांचा जाड थर असतो, मातीतली प्रत्येक पोकळी रिकामी असते. पहिले काही पाऊस जमीन नुसती पिऊन टाकते. दहिसर नदी, जी तुळशी तलावाजवळच्या डोंगरात उगम पावते आणि श्रीकृष्णनगर, दौलतनगर करत मनोरीच्या खाडीला मिळते, तिला जूनमध्ये पाणी चढायला वेळ लागतो. पहिल्या पाण्यात ती काळपट असते, उन्हाळाभराचा कचरा वाहून नेते.

सप्टेंबरात यातली एकही पोकळी शिल्लक नसते. माती तुडुंब. १८७९ मध्ये बांधून झालेला आठशे कोटी लिटरांचा तुळशी तलाव बहुतेक वर्षी केव्हाच भरून वाहू लागलेला. त्याचं जादा पाणी विहारमध्ये जातं, १८६० चा विहारही भरलेला असेल तर त्याचं पाणी मिठी नदीत. त्यामुळे जे पडतं ते लगेच वाहतं. डोंगरात सहाला ढग रिता झाला की थोड्याच वेळात खाली नदीचा आवाज बदलतो, आणि वस्तीत पाऊस जेमतेम भुरभुरत असतानाही पाणी चढू शकतं. नदीकाठच्या वस्त्यांमधली जुनी माणसं त्या दिवसांत वर आभाळाकडे बघत नाहीत, कान्हेरीकडे बघतात. भरतीची वेळ याच संध्याकाळी पडली तर खाडीच्या तोंडाशी पाणी अडतं आणि मग त्रास दुप्पट.

कान्हेरीच्या लेण्यांत राहणाऱ्या बौद्ध भिक्खूंनी हा हिशेब दोन हजार वर्षांपूर्वी मांडलेला दिसतो. लेण्यालेण्यांशेजारी कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत, शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलंय. डोंगरउतारावरचं पाणी पन्हळींतून या टाक्यांत उतरतं. वर्षावासाच्या महिन्यांत पाण्याची ददात नव्हतीच, प्रश्न होता नंतरच्या आठ महिन्यांचा. त्या दृष्टीने टाकं काठोकाठ ठेवून जाणारा शेवटचा पाऊस पहिल्यापेक्षा जास्त मोलाचा. आजच्या मुंबईचंही तेच आहे, फक्त टाकी मोठी आणि लांब आहेत. ३० सप्टेंबरला सातही तलावांत मिळून किती पाणी आहे यावर पुढच्या मे महिन्यातली कपात ठरते.

शेतकऱ्याला मात्र शेवटचा पाऊस नकोसा असतो, निदान चुकीच्या आठवड्यात. वसई-पालघरच्या भातात हळवे, निमगरवे, गरवे असे प्रकार. हळवं भात सप्टेंबरअखेर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला कापणीला येतं. लोंबी भरलेली, ताट जड झालेलं, आणि त्यावर पूर्वेकडून तो झोत आणि टपोरे थेंब. अर्ध्या तासात शेत आडवं होतं. पडलेल्या लोंब्या पाण्यात राहिल्या तर दाण्यांना कोंब येतात. तोच पाऊस गरव्या भाताला चालतो, किंबहुना हवाच असतो, कारण त्याचे दाणे अजून भरायचे असतात. एकाच बांधाच्या दोन बाजूंना एकाच पावसाबद्दल दोन मतं असू शकतात. गोराई, मनोरी, उत्तनच्या किनाऱ्यावर या दिवसांत बोंबील वलांडीवर टांगायला सुरुवात होते, आणि तिथेही संध्याकाळच्या एका सरीने दिवसाची मेहनत कुजते. बोरीवलीत गरब्याच्या मैदानांवर चिखल होतो, त्याची बातमी मात्र बोंबलांच्या आधी छापून येते.

भोंडल्याच्या पाटावर हत्ती काढतात तो हस्त नक्षत्राचा, आणि हस्ताचा पाऊस गडगडाटी असतो हे आपल्या आजीला पंचांग न उघडता ठाऊक होतं. सूर्य हस्तात जातो २७ सप्टेंबरच्या सुमारास आणि राहतो १० ऑक्टोबरपर्यंत. परतीच्या पावसाचा बरोबर हाच काळ. निरीक्षण पक्कं होतं, कारण नंतर सापडलं.

हे वेळापत्रक आता थोडं सरकलं आहे. देशभरातल्या आगमन-परतीच्या जुन्या तारखा १९०१ ते १९४० या काळातल्या नोंदींवर आधारलेल्या होत्या. हवामान खात्याने २०२० मध्ये नव्या नोंदी घेऊन त्या बदलल्या. केरळच्या आगमनाची तारीख १ जूनच राहिली, मुंबईची १० ची ११ जून झाली. पुढच्या टोकाला एवढाच फरक. मागच्या टोकाला मात्र मोठी हालचाल झाली. पश्चिम राजस्थानातून परतीची सुरुवात १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबर मानली गेली आणि मुंबईची तारीख सप्टेंबरअखेरवरून ८ ऑक्टोबरवर आली. २०१९ मध्ये तर राजस्थानातच परतीला ९ ऑक्टोबर उजाडला, नोंदींतली ती सगळ्यात उशिराची सुरुवात. म्हणजे बोरीवलीच्या हिशेबात खाडीकडचा पाऊस जवळपास आपल्या वेळेवर आहे आणि डोंगराकडच्या पावसाला आठवडाभर जास्त मुदत मिळाली आहे. सरासरी म्हटली की एखादं वर्ष तिला हरताळ फासणारच. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, १९५६ चा २९ मेचा विक्रम मोडून. आणि त्यानंतर जूनच्या मध्यापर्यंत जवळजवळ रुसून बसला.

पाऊस परतला हे ठरवण्याचीही रीत आहे. सलग पाच दिवस पाऊस नाही, दीड किलोमीटरच्या आसपास हवेचं प्रत्यावर्ती चक्र बसलेलं, आणि उपग्रहाच्या चित्रांत बाष्प आटलेलं दिसतं, असं तिन्ही जुळलं की घोषणा होते. त्यानंतरही एखादी सर येऊ शकते. ती मग हिशेबात अवकाळी धरली जाते, भिजणाऱ्याला त्याने फरक पडत नाही.

अंदाजाच्या बाबतीत या दोन पावसांची जातकुळी अगदीच वेगळी आहे, आणि लोकांची हवामान खात्यावरची नाराजी बहुतांशी इथूनच येते. जूनमधला पाऊस शेकडो किलोमीटर लांबीच्या यंत्रणेतून येतो. किनाऱ्यालगतचा पट्टा बळावतोय, वारे जोर धरताहेत, हे संगणकीय प्रारूपांत तीन-चार दिवस आधी दिसतं, आणि पडतो तेव्हा विरारपासून कुलाब्यापर्यंत थोड्याफार फरकाने सगळीकडे पडतो. सप्टेंबरच्या ढगाचा पसारा दहा-पंधरा किलोमीटरांचा आणि आयुष्य तास-दोन तासांचं. ‘सायंकाळी मेघगर्जनेसह पाऊस’ एवढं सकाळी सांगता येतं. तो ढग घोडबंदरवरून जाईल की पवईवरून, हे तो जन्मल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. तिथे कामाला येतं रडार. कुलाब्याचं डॉप्लर रडार होतंच, २०२२ च्या जानेवारीत जोगेश्वरीजवळच्या वेरावली टेकडीवर दुसरं सुरू झालं, आणि त्याची चित्रं हवामान खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात बोरीवलीकराने दुपारी चारच्या सुमारास ते उघडावं आणि कल्याणच्या पूर्वेला लाल ठिपके आहेत का ते पाहावं. असतील आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी डावीकडे सरकत असतील, तर घरी पोचायला साधारण दीड-दोन तास हातात आहेत.